नागिणीची लस : कोणासाठी आणि कोणत्या भावाने?

पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीवरील नवी प्रतिबंधक लस एप्रिल २०२३ मध्ये भारताच्या बाजारात आली. तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात, त्यांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, आणि एका मात्रेची किंमत दहा हजार रुपयांच्या घरात जाते. म्हणजे निवृत्त पतिपत्नींनी ती टोचून घ्यायचे ठरविले तर चाळीस हजार रुपयांची तजवीज करावी लागणार. सेवानिवृत्त शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात ही रक्कम किरकोळ नव्हे. तेवढ्यात घराची गळती थांबते किंवा मोतीबिंदूची एखादी शस्त्रक्रिया होऊन जाते. खासगी आस्थापनांतील कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेत सप्टेंबर २०१४ मध्ये किमान मासिक पेन्शन १,००० रुपये ठरविण्यात आले. त्या मापाने एका माणसाची लस म्हणजे वीस महिन्यांचे पेन्शन होय.

डॉक्टर लस चांगली असल्याचे सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु एखादी वस्तू चांगली असणे आणि ती मागितल्या भावाला घेण्याजोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय घरातील निवृत्ताने ती घ्यावी काय, हा एक प्रश्न आणि सरकारने ती सर्व वृद्धांना फुकट द्यावी काय, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते. या दोहोंची गल्लत झाली की एका बाजूला ‘वृद्धांच्या वेदनेची किंमत कशी करता’ असा संताप व्यक्त होतो आणि दुसऱ्या बाजूला ‘म्हाताऱ्यांवर कशाला खर्च’ अशी दुष्ट कुजबुज चालते. दोन्हींत हिशेबाला जागा नसते.

प्रथम व्याधीविषयी. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की माणूस त्या विसरतो, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात त्यांत तो दशकानुदशके दडून बसतो. वार्धक्याने, कर्करोगावरील उपचारांनी किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती ओसरली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो पुन्हा त्वचेपर्यंत येतो आणि छातीवर, कमरेवर किंवा कपाळावर फोडांचा पट्टा उमटतो. हा पट्टा बहुधा शरीराच्या एकाच बाजूला असतो, कारण ती त्या एका मज्जातंतूची हद्द असते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही आपल्याकडील समजूत निर्माण झाली ती या पट्ट्यामुळेच. मध्यरेषा ओलांडून तो सहसा जात नाही, त्यामुळे तोंड-शेपटीची गाठही सहसा पडत नाही. आणि तीनचार आठवड्यांत फोड आपोआप वाळतात, त्यामुळे गेरूचा लेप लावणाऱ्याला आणि मंत्राने नागीण उतरविणाऱ्याला यश हमखास मिळते. त्यांचा धंदा बुडण्याचे काही कारणच नाही.

नुकसान होते ते दुसरेच. या विषाणूवर उपयोगी पडणारी असायक्लोव्हिरसारखी औषधे पहिल्या ७२ तासांत सुरू केली तर फोड लवकर वाळतात आणि तीव्र दुखण्याचा काळ आखूड होतो. हे तीन दिवस मांत्रिकाच्या ओसरीवर गेले की ती संधी हुकते. तथापि नागिणीनंतर मागे राहणारी दीर्घकालीन वेदना टळेलच अशी खात्री ही औषधेही देत नाहीत, आणि खरी जाच आहे ती याच वेदनेची. फोड गेले, व्रण पुसट झाले, तरी त्या जागी आग होत राहते, सुया टोचल्यासारख्या कळा येतात, सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. नागीण झालेल्यांपैकी दर दहांत एकदोघांच्या वाट्याला हे येते. वय जितके अधिक तितकी शक्यता अधिक. ती वेदना कोणाची काही महिने, कोणाची काही वर्षे टिकते. मृत्यू क्वचितच ओढवतो. सगळा आर्थिक प्रश्न याच वस्तुस्थितीतून उद्भवतो. गोवराची लस प्राण वाचविते आणि प्राणांची मोजणी करता येते. नागिणीची लस मुख्यतः वेदना वाचविते, आणि वेदना कोणत्या मापाने मोजावी?

वेदनेची पट्टी

आरोग्याच्या अर्थशास्त्राने यासाठी एक माप तयार केले आहे. त्याला मराठीत ‘गुणवत्तेने तोललेले आयुर्वर्ष’ म्हणता येईल. सोयीसाठी ‘तोललेले वर्ष’ म्हणू. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य, आणि आजारपणातील वर्ष या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. सतत कळा सोसत काढलेल्या वर्षाला लोक पाऊण किंमत देत असतील तर त्या वर्षात पाव तोललेले वर्ष गमावले असे धरतात. यॉर्क विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची तुलना अन्य उपचारांशी याच मापाने करून दाखविली, तेव्हा वैद्यकीय जगात बरीच खळबळ उडाली होती. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने ही पट्टी अधिकृतपणे स्वीकारली. एका तोललेल्या वर्षासाठी वीस ते तीस हजार पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर उपचार परवडला, त्यापुढे गेला तर कंपनीने भाव उतरवावा, असा तेथील दीर्घकालीन प्रघात राहिला.

या पट्टीत निष्ठुरता आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पट्टी न वापरता निर्णय घेतले म्हणजे निष्ठुरता टळते असे मात्र नाही. अंदाजपत्रक कोठेतरी संपतेच. ते कोणासाठी आधी संपावे हे मग वशिल्याने, ओरडण्याच्या ताकदीने किंवा जाहिरातीच्या खर्चाने ठरते. पट्टी निदान कागदावर असते आणि तिच्याशी भांडता येते.

ब्रिटनने या हिशेबातून काढलेला निष्कर्ष मोठा बोधप्रद होता. पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची ही लस ३८,५४६ वृद्धांवरील चाचणीत नागिणीचे प्रमाण निम्म्याने आणि दीर्घ वेदनेचे प्रमाण दोन तृतीयांशाने घटविणारी ठरली होती. परंतु तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरत असे. पन्नासाव्या वर्षी टोचली तर खरी गरज उद्भवण्यापूर्वीच ती निष्प्रभ होणार. ऐंशीव्या वर्षी टोचली तर थकलेले शरीर तिला नीट प्रतिसाद देणार नाही. लसीची किंमत तीच, पण कोणत्या वयात ती दिली यावर तिचे मोल बदलते. म्हणून सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रिटनने कार्यक्रम सुरू केला तो सत्तरीला पोचलेल्यांपासून, आणि मागे राहिलेल्यांसाठी वरची मर्यादा ठेवली ती ७९ वर्षांची. ऐंशी पूर्ण झालेल्यांना सरकारी लस नाही. या काटेकोर रेषेची कहाणी पुढे यायची आहे.

दुसरी लस ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, आणि आज भारतात विकली जाते ती हीच. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणातील एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारे एक साहाय्यक द्रव्य आहे. त्या द्रव्यातील एक घटक चिलीमधील एका वृक्षाच्या सालीतून मिळतो. पन्नाशीपुढील १५,४११ जणांवरील चाचणीत या लसीची परिणामकारकता ९७ टक्क्यांवर गेली. सत्तरीपुढील लोकांतही ती नव्वदीच्या आसपास राहिली. अकराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला असता संरक्षण ऐंशी टक्क्यांच्या आसपास टिकून असल्याचे दिसले. असे असूनही जुनीपेक्षा नवी लस श्रेयस्कर मानावी काय यावर अमेरिकेच्या सल्लागार समितीत मतदान झाले ते आठ विरुद्ध सात असे. नव्या लसीचा दीर्घ अनुभव तेव्हा गाठीशी नव्हता आणि टोचल्यावर होणारा त्रासही अधिक होता: चाचणीत दर सहांतील एकाला एकदोन दिवस नित्याचे व्यवहार करणे अवघड जाईल इतका दंडदुखीचा, थकव्याचा किंवा तापाचा त्रास झाला होता. पगारी रजा असलेल्यांना याचे काही वाटणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या साठीच्या बाईला ती एका दिवसाची मजुरी असते. अमेरिकेच्या समितीपुढील हिशेबात पन्नाशीपुढील सर्वांना ही लस दिल्यास एका तोललेल्या वर्षाला सरासरी ३१,००० डॉलर पडतात असे अनुमान होते. त्या देशाच्या उत्पन्नाच्या मानाने तो सौदा उत्तम होता. ब्रिटनने सप्टेंबर २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि जपानने एप्रिल २०२५ मध्ये आपापल्या सार्वजनिक कार्यक्रमांत तिला स्थान दिले.

तेच गणित, निराळा देश

येथवरचे वाचून आपल्याकडील अनेकजण लगेच म्हणतील की मग भारताने मागे का राहावे? येथेच थांबून पाटीवर आकडेमोड करावी लागते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल मांडले आहेत; पद्धत कळावी एवढाच त्यांचा हेतू.

साठीच्या एक हजार व्यक्ती घेऊ. दहा वर्षांत त्यांपैकी ७५ जणांना नागीण होईल आणि लस त्यांतील चार पंचमांश, म्हणजे ६० जणांची टाळील असे धरू. या साठांपैकी नऊजणांना दीर्घ वेदना झाली असती. साध्या नागिणीत माणशी एक पन्नासांश तोललेले वर्ष आणि दीर्घ वेदनेत पाव वर्ष गमावले जाते असे मानले तर एकूण बचत होते ती साधारण ३.३ तोललेल्या वर्षांची. औषधपाण्याचा प्रत्येकी ५,००० रुपये खर्च वाचला आणि दीर्घ वेदनेच्या रुग्णांचा आणखी ३०,००० वाचला, तर ती बचत पावणेसहा लाखांच्या आत येते. खर्चाच्या बाजूला मात्र माणशी वीस हजारांप्रमाणे दोन कोटी रुपये उभे आहेत. भागाकार केला की एका तोललेल्या वर्षाला सुमारे ५९ लाख रुपये पडतात.

याची तुलना कशाशी करावी? देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या एकपट खर्चात एक तोललेले वर्ष मिळाले तर उपाय स्वस्त आणि तिपटीपर्यंत मिळाले तर परवडणारा, असा आडाखा जागतिक पातळीवर २००१ पासून रूढ झाला होता. तो फार ढिला आहे अशी टीका पुढे झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेतील तज्ज्ञांनीही त्याचा यांत्रिक वापर टाळण्यास सांगितले. भारतात दरडोई उत्पन्न दोन लाख रुपयांच्या थोडे वर आहे. म्हणजे तिपटीचा सैल आडाखा लावला तरी मर्यादा येते सहासात लाखांवर, आणि लसीचा हिशेब जातो ५९ लाखांवर. वरील गृहीतांत कोणी नागिणीचे प्रमाण दुप्पट धरले, वेदनेचे वजन दुप्पट केले, तरीही ही दरी बुजत नाही. अमेरिकेत परवडणारी लस येथे परवडत नाही याचा अर्थ भारतीय वृद्धाची वेदना कमी प्रतीची आहे असा नव्हे. लसीचा भाव श्रीमंत देशांच्या खिशाला पाहून ठरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे गणित उलटूनही मांडता येते, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते तसे मांडून पाहावेच. एका तोललेल्या वर्षाला दोन लाखांहून अधिक द्यायचे नाहीत असे ठरविले तर वरच्या उदाहरणात लसीची रास्त किंमत किती येते? वाचलेली वर्षे सुमारे साडेसहा लाखांची, वाचलेला औषधखर्च पावणेसहा लाखांचा. बेरीज सव्वाबारा लाख. हजार माणसांवर ती वाटली की दोन्ही मात्रा मिळून माणशी सव्वाबाराशे रुपये. मात्रेला सहाशे. म्हणजे लस वाईट नाही. सरकारने ती आजच्या बाजारभावाने सरसकट घेणे वाईट आहे. वाटाघाटीत आकडा कोठून सुरू व्हावा हे अशा गणिताने कळते.

आता या गणिताचे दुबळे दुवे. पहिला दुवा नागिणीच्या प्रमाणाचा. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहानशा गावी एडगर होप-सिम्पसन नावाचे एक सामान्य वैद्यकीय व्यावसायिक होते. आपल्या रुग्णांपैकी नागीण कोणाला, कोणत्या वयात, केव्हा झाली याची टाचणे त्यांनी १६ वर्षे चिकाटीने ठेवली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. वर्षाकाठी दर हजारी ३.४ असे एकंदर प्रमाण त्यांना आढळले आणि ते वयाबरोबर वाढत जाते हेही दिसले. नागीण हा बाहेरून नव्याने येणारा आजार नसून कांजिण्यांच्या दडलेल्या विषाणूचे पुनरुत्थान आहे, हा सिद्धान्त त्यांनी याच वह्यांच्या आधारे भक्कमपणे मांडला. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही; फक्त नोंदवही. आज श्रीमंत देशांचे सगळे हिशेब अशा नोंदवह्यांच्या वंशजांवर उभे आहेत. आपल्याकडे नागिणीचा रुग्ण खासगी दवाखान्यात, आयुर्वेदिक वैद्याकडे किंवा मांत्रिकाकडे जातो आणि तेथेच विरून जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदींत नागिणीचा एक रकाना वाढविण्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

दुसरा दुवा अधिक टोचणारा आहे. वरील हिशेबात रुग्णाच्या औषधांचा खर्च आहे, पण त्याच्याजवळ बसणाऱ्याचा नाही. रात्री कळांनी तळमळणाऱ्या सासूसाठी जी सून दोनदा उठते, आणि सकाळी पुन्हा डबे भरून कामावर जाते, तिचे श्रम कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात येत नाहीत. मधुमेह असलेल्यांत नागिणीचा धोका अधिक असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे अनुमान केले. म्हणजे सर्वांसाठी न परवडणारी लस काहींसाठी परवडू शकेल. सत्तरीपुढील मधुमेही, मूत्रपिंड बदललेले, कर्करोगाचे उपचार घेणारे अशांचा निराळा हिशेब मांडला तर भागाकाराचे उत्तर बरेच खाली येईल. सरसकट वाटप आणि सरसकट नकार यांच्या मध्ये ही जागा आहे आणि धोरणाचे खरे काम तेथेच आहे.

खासगी लाभ, सार्वजनिक पैसा

गोवर किंवा पोलिओची लस एका मुलाला दिली की शेजारच्या मुलाचेही रक्षण होते. म्हणून तिच्यावरील सार्वजनिक खर्चाचे समर्थन पाठ्यपुस्तकातील पहिल्याच प्रकरणात सापडते. नागीण तशी पसरत नाही; लस घेणाऱ्याचाच लाभ होतो. मग शेजाऱ्याच्या करातून तिचा खर्च का व्हावा? हा युक्तिवाद तर्कशुद्ध दिसला तरी अपुरा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही शेजाऱ्याला डोळे देत नाही, तरी ती सरकारी शिबिरांत होते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. आजारपणाची जोखीम एकट्याने पेलण्यापेक्षा सर्वांनी वाटून घेणे स्वस्त पडते, हे तत्त्व येथेही लागू आहे.

आपल्या व्यवस्थेत ही वाटणी मात्र विचित्र झालेली आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोक थेट आपल्या खिशातून उचलत होते आणि सरकारांचा सगळा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण देऊ केले. पाऊल मोठे होते, पण हा विमा रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. नागिणीचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. तो घरीच कण्हतो, दर महिन्याला गोळ्या विकत घेतो, आणि या पाच लाखांतील एक रुपयाही त्याच्या कामी येत नाही. खाटेचे पैसे मिळतात, खाट टाळणाऱ्या सुईचे मिळत नाहीत. १९८५ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापुरता आखला गेला. वृद्धांना लस देण्याची यंत्रणा देशात उभी राहू शकते हे १ मार्च २०२१ नंतर दिसले. त्या दिवसापासून साठीपुढील लोकांना कोविडची लस सरकारी केंद्रांत फुकट आणि खासगी रुग्णालयांत मात्रेला २५० रुपये दराने मिळू लागली. लोक रांगेत उभे राहिले. प्रश्न यंत्रणेचा नव्हता, भावाचा आहे.

वेल्समधील एक दिवस

ब्रिटनच्या त्या काटेकोर वयोमर्यादेची गोष्ट येथे सांगायला हवी, कारण तिने हिशेबाच्या दुसऱ्या पारड्यात अनपेक्षित वजन टाकले आहे. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळण्याचा हक्क होता. त्याआधी जन्मलेल्यांना कायमचा नव्हता. एका दिवसाच्या फरकाने एक म्हातारी पात्र, दुसरी अपात्र. रेषेच्या अलीकडील आणि पलीकडील आठवड्यांत जन्मलेल्यांत एरवी काहीच फरक नव्हता, पण लस घेण्याचे प्रमाण मात्र ०.०१ टक्क्यावरून ४७.२ टक्क्यांवर उडी मारते. खर्च वाचविण्यासाठी नोकरशाहीने ओढलेल्या रेषेतून नकळत एक प्रयोग घडून गेला होता.

या दोन गटांची तुलना एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सात वर्षांच्या काळात लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान साडेतीन टक्के-बिंदूंनी, म्हणजे सुमारे एक पंचमांशाने, कमी झाल्याचे त्यातून दिसले. स्त्रियांत हा परिणाम अधिक ठळक होता. स्मृतिभ्रंश हा नागिणीपेक्षा कितीतरी महागडा आजार आहे. औषधांमुळे नव्हे, तर वर्षानुवर्षे लागणाऱ्या माणसांच्या सोबतीमुळे. हजार माणसांत तीस-पस्तीस जणांचा स्मृतिभ्रंश टळला किंवा लांबला, तर वरच्या पाटीवरील ३.३ हा आकडा अनेक पटींनी वाढेल आणि सहाशे रुपयांची रास्त किंमतही वर सरकेल.

घाई मात्र करता येत नाही. वेल्सची लस जुनी, जिवंत विषाणूची होती. आज आपल्या बाजारात असलेली नव्हे. ती मेंदूचे रक्षण नेमके कशाने करते, विषाणू दबून राहिल्यामुळे की प्रतिकारशक्तीला एकंदर चालना मिळाल्यामुळे, याचा उलगडा व्हायचा आहे. जुनी लस अमेरिकेत नोव्हेंबर २०२० पासून मिळेनाशी झाली. नफ्याच्या दृष्टीने मागे पडलेली वस्तू समाजाच्या दृष्टीने मागे पडली होती काय, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारण्याजोगा झाला आहे. दक्षिण कोरियाने २०१७ मध्ये आणि चीनने २०२३ मध्ये आपापल्या देशांत तयार झालेली जिवंत विषाणूची नागीण-लस मान्य केली. तंत्र जुने आहे. १९७४ मध्ये जपानच्या ताकाहाशी मिचिआकी यांनी कांजिण्यांचा दुर्बळ विषाणू तयार केला, त्याचाच हा विस्तार. प्रतिकारशक्ती फारच क्षीण झालेल्यांना ती देता येत नाही, ही तिची मोठी उणीव.

भारताला हे तंत्र अवघड जाण्याचे कारण दिसत नाही. हेपॅटायटिस-बीची लस एकेकाळी केवळ आयात होत असे आणि मध्यमवर्गीयालाही ती महाग वाटे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि भाव कोसळले. रोटाव्हायरसची देशी लस मात्रेला एक डॉलरच्या आसपास देऊ करण्यात आली आणि २०१६ मध्ये ती सरकारी कार्यक्रमात आली. न्यूमोकोकसची लस पुण्यात तयार होऊ लागली तेव्हा जगभरच्या गरीब देशांचे अंदाजपत्रक हलके झाले. या तिन्ही वेळी एक गोष्ट समान होती: मोठ्या खरेदीची निदान शक्यता तरी दिसत होती. लाखो मुलांसाठी सरकार लस घेईल हे कारखानदाराला कळत होते. वृद्धांसाठी सरकार काही घेईल असे त्याला आज दिसत नाही, म्हणून तो श्रीमंत निवृत्तांपुरता माल मागवितो आणि त्यांच्याच ऐपतीचा भाव लावतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोक १० कोटींहून अधिक होते. एवढा ग्राहक एका खरेदीदाराच्या रूपाने बोलला तर भाव दहा हजारांवर राहणार नाही. एकेकटा बोलला तर राहील.

राहता राहिला घरातील निवृत्ताचा प्रश्न. त्याने राष्ट्रीय उत्पन्नाची पट्टी लावण्याची गरज नाही. आपला पैसा आणि आपली वेदना यांचा भाव त्याचा त्यानेच ठरवायचा आहे. ज्याला मधुमेह आहे किंवा प्रतिकारशक्ती मंदावणारी औषधे चालू आहेत, आणि वीस हजार रुपये खर्चून ज्याच्या चुलीवर परिणाम होत नाही, त्याने डॉक्टरांशी बोलून लस घेण्यात शहाणपण आहे. ज्याला त्यासाठी कर्ज काढावे लागेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद कराव्या लागतील, त्याने गोळ्या चालू ठेवाव्यात. रक्तदाबाची गोळी दिवसाला थोडक्या रुपयांत पक्षाघात लांबविते. तिच्या तोललेल्या वर्षाचा भाव नागिणीच्या लसीपेक्षा किती तरी कमी असतो. पट्टा उमटताच तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठावा, हे कळायला तर काहीच पैसे पडत नाहीत.

सरकारने पहिल्या टप्प्यात सत्तरीपुढील जोखमीच्या गटांसाठी जाहीर भावाने निविदा मागवाव्यात, आणि लस पोचविण्याची चिंता करू नये. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी लाखो पेन्शनर बँकांच्या दारांत येतात. काठी टेकीत, नातवाचा हात धरून येतात. पहिली मात्रा तेथे नोव्हेंबरात देता येईल आणि दुसरी उन्हाळा कडक होण्यापूर्वी, मार्चपर्यंत. ज्यांना दाखला द्यावा लागत नाही, कारण पेन्शनच नाही, त्यांची नावे रेशन दुकानाच्या वहीत आहेत.